माप आणि काटा : काडतुसाची दारू मोजावी कशी?



हमाल-मापाड्यांच्या संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने राहात्याच्या व्याख्यानमालेत बंदुकीच्या दारूवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विषय मी शोधला नाही. तो माझ्याकडे चालत आला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी रायफलीच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून या खेळाविषयी तरुण मंडळी फार विचारतात. परदेशी नेमबाज घरच्या मेजावर स्वतःची काडतुसे भरतात, त्यासाठी दारू मोजण्याची तऱ्हेतऱ्हेची मापे मिळतात, त्यांतले चांगले कोणते, असा प्रश्न आला. मापाचा प्रश्न म्हणून तो मापाड्याच्या माणसाकडे आला, आणि तो मला योग्य वाटला. (कुसाळे यांच्या रायफलीचे बारीक काडतूस मात्र एकदा उडाले की पुन्हा भरण्यासारखे राहत नाही. भरली जातात ती मोठ्या रायफलींची आणि छऱ्यांच्या बंदुकांची.)

आधी कायद्याचे सांगून टाकतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची कैद आहे. तेव्हा आज जे सांगणार ते समजून घेण्यासाठी, घरी जाऊन करून पाहण्यासाठी नव्हे.

आता मापाकडे येऊ. आपल्या आजोबांच्या वेळी धान्य मापाने जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. मापाडी ‘लाभ’ म्हणून पहिली पायली टाकी आणि मग ‘दोन, तीन’ मोजत जाई. या मोजणीत पायली तीच, धान्य तेच, पण हात बदलला की रास बदले. कोणी पायली अलगद भरी, कोणी ती आपटून दाणा बसवी, कोणी शीग लावी आणि कोणी काठावरून आडवा हात फिरवी. सालगड्याला देताना एक हात आणि त्याच्याकडून घेताना दुसरा हात, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांनी पाहिलेले आहे. याचे कारण अगदी साधे आहे. माप वजन मोजत नाही. माप जागा मोजते, आणि त्या जागेत किती माल बसवायचा ते भरणारा हात ठरवतो. १९५८ पासून मेट्रिक वजने आली, बाजारात हळूहळू काटा आला, आणि हाताची ही कला बरीचशी संपली. मापाड्याच्या हाती काटा आला, तरी त्याचे नाव मात्र मापाडीच राहिले.

बंदुकीच्या दारूच्या बाबतीत ही कला अजून जिवंत आहे. तेथे सर्वांत साधे माप म्हणजे ठराविक आकाराचा चमचा. बुडवायचा, काठासरशी निरपायचा, पुंगळीत ओतायचा. त्याच्या वर पितळी नळी येते. आत दट्ट्या असतो, तो वरखाली सरकवून जागा कमीजास्त करता येते. आणि तिसरे ते मेजाला आवळून बसवण्याचे यंत्र. वर पेरणीच्या चाड्यासारखे भांडे, खाली लाटण्यासारखा फिरता तुकडा, त्या तुकड्यात एक खोबण, आणि खोबणीची खोली बदलणारा स्क्रू. दांडा वर केला की खोबण भरते, खाली ओढला की ती पुंगळीत रिकामी होते. तासात शेकडो काडतुसे भरता येतात, म्हणून सगळ्यांचे डोळे याच यंत्राकडे लागतात.

हे यंत्र घेताना काय पाहावे? माझ्या मते पहिली पाहायची गोष्ट म्हणजे खोबणीचे तोंड. पायलीचे तोंड जितके रुंद, तितकी तिची शीग मोठी, आणि तितकी चूकही मोठी. येथेही तेच आहे. थोडी दारू टाकायची असेल तर खोबण अरुंद आणि खोल हवी. रुंद आणि उथळ खोबणीत काठावरचे चार दाणे इकडेतिकडे झाले तरी हिशोब बिघडतो. दुसरे म्हणजे वरच्या भांड्यातली आडवी पट्टी. भांडे भरलेले असताना खालच्या दाण्यांवर वरच्या दाण्यांचा भार असतो, रिकामे होत आले की तो कमी होतो. पट्टी असली की भार बराचसा एकसारखा राहतो. नसली तर भांडे अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. तिसरी गोष्ट विकत मिळत नाही. ती म्हणजे हाताची लय. पेरणाऱ्या बाईची मूठ चाड्यावर जशी एका चालीने सुटते, तसा दांडा प्रत्येक वेळी सारख्याच जोराने हलला पाहिजे. सुरुवातीची पाच-दहा मापे तर पुन्हा भांड्यातच टाकावीत, कारण तोवर दारू नीट बसलेली नसते.

पण यंत्रापेक्षाही मोठा प्रश्न दारूच्या दाण्याचा आहे. धूरविरहित दारू तीन ढंगांची असते. गोल दाण्याची मोहरीसारखी वाहते आणि कोणत्याही चांगल्या यंत्रातून सारखी पडते. पापडीसारखी असते ती पोह्यांप्रमाणे एकमेकींवर पडून मध्ये पोकळ्या ठेवते. आणि काडीसारखी असते तिचे तुकडे खोबणीच्या काठावर अडकतात, दांडा कचकन कापतो, आणि त्या मापात कमी-अधिक होते. मोहरी आणि पोहे एकाच मापट्याने घेतले तर वजन सारखे येत नाही, हे घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. मेजावर बसलेले पुरुष तेवढे विसरतात.

म्हणून यंत्र कितीही चांगले घेतले तरी शेजारी काटा लागतोच. दारूचे वजन इंग्रजी ‘ग्रेन’मध्ये करतात. आपल्या जुन्या रुपयाचे वजन, म्हणजे एक तोळा, १८० ग्रेन होते, आणि ९६ गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज दोन ग्रेनच्याही आत येते. नेमबाजाचा काटा एका ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. सराफाच्या गुंजेचे जवळजवळ एकोणीस तुकडे करावेत, तेवढे ते बारीक आहे. अशा काट्याला पंख्याचा वारासुद्धा बाधतो. यंत्र काट्यावर लावून घ्यायचे, मग दर दहाव्या मापाला काट्यावर घालून पाहायचे, आणि सगळ्या पुंगळ्या ओळीने उभ्या करून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकीत दिव्याने डोकवायचे, ही तिकडची रीत आहे. काही पुंगळ्यांत एका मापाने निम्मीही जागा भरत नाही. तेथे चुकून दुसरे माप पडले तर ते ओसंडत नाही, आत गुपचूप मावते. धान्यात असे झाले तर घेणाऱ्याला एक पायली जास्त मिळते. येथे नळी फुटते, आणि फुटते ती भरणाऱ्याच्या गालाशी.

काळ्या दारूचे गणित निराळे आहे. कोकणात रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. त्यांत काळी दारू मापानेच घालतात, कारण ती बरीच भरड असते आणि थोड्या फरकाने बिघडत नाही. तिला पितळी माप चालते. ठिणगी उडवील असे लोखंड चालत नाही. परंतु हेच माप धूरविरहित दारूने भरले तर घात आहे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने ती दारू बनवली, तिचा जोर तेवढ्याच काळ्या दारूच्या कितीतरी पट असतो. माप एकच, पण आत काय आहे हे मापाला कळत नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. दारूचे माप शिपायाच्या हातात फार काळ राहिले नाही. मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून आधीच तयार ठेवण्याची सोय झाली, तेच कागदी काडतूस. १८५७ च्या इतिहासात आपण त्याच्या चरबीपुरते त्याच्याकडे पाहतो. माझे लक्ष दुसरीकडे जाते. शिपाई दाताने ते कागद फाडत होता, पण आतली दारू कोणीतरी दुसऱ्याने, दूर कुठेतरी बसून मोजलेली होती. ते मोजणारे हात पुढे कारखान्यात आले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे, आणि जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही काडतुसे होतात. २०२१ मध्ये हे कारखाने सरकारी कंपन्यांत विभागले गेले.

मापाच्या कामाला नगावर मजुरी लावली की काय होते, हे मी बाजारात पाहिले आहे. एका मोठ्या आवारात पोत्यामागे पैसे मिळत. तेथे काटा शून्यावर येईपर्यंत थांबणारा मापाडी संध्याकाळी सर्वांत कमी पैसे घेऊन घरी जाई. काटा हलत असतानाच आकडा पुकारणारा पुढे निघे. त्यात मापाड्याचा दोष किती आणि दराचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. दारूच्या मेजावरही गणित हेच आहे. दहावे माप काट्यावर घालायला जो वेळ जातो, तेवढ्यात दांडा आणखी कितीतरी वेळा ओढता येतो. दर पुंगळीमागे पैसे लावले तर ते दहावे वजन कामगाराने स्वतःच्या खिशातून करायचे ठरते. घरी हौसेने भरणाऱ्याला ही घाई नसते. त्याचा वेळ त्याचाच असतो, त्यामुळे तो दहाच्या ऐवजी प्रत्येक माप तोलू शकतो, आणि काडीची दारू असेल तर त्याने तसेच करावे. कारखान्यात मात्र हा वेळ कोणीतरी द्यावा लागतो. अशा कामाच्या कराराचा मसुदा हाती आला की मी दराचा आकडा नंतर पाहतो. तपासणीच्या मिनिटांची मजुरी धरली आहे का, आणि काटा बिघडला असताना थांबलेल्या कामाचा दिवस भरला जाईल का, ही दोन कलमे आधी शोधतो.