कुठल्या शब्दातला क?

मागच्या भागात मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी 'सुट्टीत घरी गेल्यावर काय करावं' यावर बोलू. बऱ्याच जणांना वाटलं असेल की आता हा पाच छंद सांगणार. गिटार, जर्नलिंग, बागकाम वगैरे. तसं काही नाहीये. मी यंदाच्या मे महिन्यात, म्हणजे मे 2025 मध्ये, घरी काय केलं आणि त्यात कुठं कुठं आपटलो, तेवढंच सांगणार आहे.

माझं गाव मुरगूड. कोल्हापूर जिल्हा, कागल तालुका, वेदगंगेच्या काठी. सर पिराजीराव तलाव आमचाच. इकडं निपाणी, म्हणजे कर्नाटक, आणि तिकडं गारगोटी. बीटेक झालो, पुण्याला नोकरी, बाकी तुमच्यासारखंच.

आधी एक कबुली. घरी राहिलं की घरच्यांना वेळ दिला असं होत नाही. हे मी प्रयोग करून सांगतोय. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी जो घरी आलो तो जवळजवळ दीड वर्ष होतो. माडीवरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. चहा वर यायचा, जेवण वर यायचं. आण्णा कधीतरी जिना चढून यायचे, दारात उभे राहायचे. मी हातानं 'कॉल चालू आहे' अशी खूण करायचो आणि ते तसेच खाली जायचे. दीड वर्षात आम्ही दोघं किती बोललो असू? आधारकार्डाचा ओटीपी, आणि गॅस आला का. संपलं.

आण्णा पेंटर. भिंतीला रंग देणारे नव्हे, बोर्ड रंगवणारे. आमच्या कोल्हापूरकडं 'पेंटर' ही पदवीच असते. बाबूराव पेंटरांचं खरं आडनाव मेस्त्री. पण ज्यानं स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तो माणूस जन्मभर पेंटरच राहिला. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे जी. कांबळे पण कोल्हापूरचेच. आमचे आण्णा त्या मानानं फारच लहान, पण पंचक्रोशीत त्यांना नावानं कोण हाक मारत नाही. 'पेंटर हाईत का घरात?' असंच.

त्यांनी काय काय रंगवलं असेल! दुकानांचे पत्रे, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या. निपाणीकडच्या एका दुकानदाराचा बोर्ड तर कन्नडमध्ये. आण्णांना कन्नडचा क येत नाही. दुकानदारानं कागदावर लिहून दिलं, यांनी आकार बघून काढलं. आणि सगळ्यात अवघड काम कुठलं, तर सहकारी संस्था. 'अमुक तमुक सहकारी दूध व्यावसायिक संस्था मर्यादित' एवढं नाव, खाली रजिस्टर नंबर, आणि पत्रा सहा फुटी. शिकाऊ पेंटर डावीकडनं सुरू करतो आणि 'मर्यादित'पाशी येईपर्यंत पत्रा संपतो. मग तो 'मर्या.' लिहून मोकळा. आण्णा मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना जायचे.

मी प्राथमिक शाळेत असताना फ्लेक्स आला आणि बघता बघता हे सगळं संपलं. चार दिवसांचं काम दोन तासांत, फोटोसकट, निम्म्या पैशात. कुणाला दोष द्यायचा? आण्णांनी ब्रश डब्यात ठेवले आणि झेरॉक्सचं मशीन घेतलं. गंमत म्हणजे त्या दुकानावरचा बोर्डसुद्धा फ्लेक्स. सिमकार्डवाल्यांनी फुकट दिलेला.

आता यंदाचं. दोन आठवडे सुट्टी आणि पुढं आठ दिवस घरून काम, असा मेळ बसला होता. माझ्या डोक्यात भारी प्रोजेक्ट होता, आण्णांच्या अक्षरांचा फाँट करायचा. ही कल्पना माझी नाही. हनीफ कुरेशी नावाच्या कलाकारानं दिल्लीत रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे डिजिटल फाँट करायचं काम सुरू केलं होतं. 2024 मध्ये तो गेला, तेव्हा मी त्याच्याबद्दल वाचलं आणि म्हटलं, अरे, असा माणूस तर आपल्या घरात आहे! फाँटफोर्ज फुकट आहे, स्कॅनर तर दुकानातच आहे.

पहिल्याच दिवशी आण्णांपुढं एफोर कागद ठेवले आणि म्हटलं, "आण्णा, क पासून ज्ञ पर्यंत काढून द्या की."

त्यांनी ब्रश बुडवला, कागदाकडं बघितलं आणि विचारलं, "कुठल्या शब्दातला क?"

म्हटलं, कुठलाही. नुसता क.

"नुसता क कुठं असतोय?"

मला वाटलं टाळतायत. पण नाही हो. त्यांनी 'कापड' लिहून दाखवलं, मग 'दुकान', मग 'सहकारी'. तीन क, तिन्ही वेगळे. 'दुकान'मधल्या क ला डावीकडं पोट कमी, कारण आधीच्या दु चा उकार खाली जागा खातोय. 'सहकारी'मधला क अंग चोरून उभा. फाँट म्हणजे काय, तर एक क एकदा काढायचा आणि लाख वेळा छापायचा. हा माणूस आयुष्यात एक क दोनदा काढलेला नाही.

तरी मी चार दिवस खटपट केली. तिथं कळलं की देवनागरी फाँट म्हणजे पन्नास अक्षरं नव्हेत. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, 'दुसऱ्या'मधला तो आडवा र, सगळं धरून आकडा शेकड्यांत जातो. विंडोजमधला 'मंगल' ज्यांनी केला त्या र. कृ. जोशींबद्दल माझा आदर चौपट झाला. त्यात आण्णांनी मोबाईल बघून एक चूक काढली. "हा ल आपला न्हाई." बरोबर होतं. मराठी ल ला दोन पाकळ्या, आणि श देठाचा. आपल्या सरकारचा 6 नोव्हेंबर 2009 चा जीआरसुद्धा तेच सांगतो. पण कित्येक फाँटमध्ये आधी हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. वेबपेजवर भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं आणि फाँटमध्ये तशी सोय असली, तरच मराठी वळण येतं. मी सहा वर्षं वेबसाइट बनवतोय. ही एक ओळ मी कधी टाकली नव्हती.

पाचव्या दिवशी लॅपटॉप मिटला. म्हटलं, आण्णा, फाँट राहू दे, मला बोर्ड रंगवायला शिकवा. दुकानाचाच करू.

ते हसले नाहीत की काही नाही. उठले, माळ्यावरनं डबा काढला. ब्रशांचे केस कडक झालेले. त्यांनी ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवले आणि म्हणाले, "उद्या बघू, जिवंत हाईत का."

दोन मेलेले निघाले, तीन जिवंत.

आठ फुटी पत्रा आणला. पॉलिश पेपरनं घासायला भाचा होता. तिसरीतला, सुट्टीला आलेला, एरवी मोबाईल हातातनं न सोडणारा. मग रेड ऑक्साइड, मग पिवळ्याचे दोन हात. अंगणात काम मस्त चाललं होतं आणि वळवानं गाठलं. तुम्हाला आठवत असेल, यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि 25 तारखेला तर मान्सूनच महाराष्ट्रात आला. आज्जीच्या कुरडया गच्चीवर होत्या, त्या आधी खाली आणल्या. मग पत्रा उचलून सोप्यात आडवा टाकला. दमट हवेत ऑइल पेंट वाळता वाळत नाही. आठ फुटांचा ओला पत्रा सोप्यात, टीव्ही पलीकडच्या भिंतीला, लाइट गेलेली, त्यामुळं वायफाय बंद. कुणाला कुठं जाताच येईना! चार दिवस सगळं घर त्या पत्र्याभोवती बसून होतं. आई मसाल्याच्या मिरच्यांची देठं काढतेय, आज्जी ओल्या कुरडया उलट्यासुलट्या करतेय, भाचा वर्तमानपत्रावर खडूनं रेघा ओढतोय.

आणि मी शिकतोय. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं. रेघ ओढताना श्वास सोडायचा. अक्षरं आधी, शिरोरेघ सगळ्यात शेवटी. मला वाटायचं दोन दिवसांत जमेल. पहिल्या दिवशी माझी उभी रेघ बघून आण्णा एवढंच म्हणाले, "काना हाय का गांडूळ?" ऑफिसात माझा कोड रिव्ह्यू असा कुणी केला असता तर मी एचआरकडं गेलो असतो. इथं मी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली, पुसलं, परत ओढली. भाच्याची रेघ माझ्यापेक्षा सरळ यायची, हे रेकॉर्डवर राहू दे.

वरच्या दोन ओळी आण्णांनी काढल्या, 'येथे झेरॉक्स व लॅमिनेशन करून मिळेल'. खालचा एकच शब्द मला दिला, 'मुरगूड'. दीड तास लागला. शिरोरेघ मारली, मागं सरकलो. आण्णा बघून गप्प. आज्जी म्हणाली, "ही आपली गाडी न्हवं."

आज्जी शाळेत गेलेली नाही. तिला वाचता येत नाही. पण एसटीवरचं 'मुरगूड' तिला कळतं. कोल्हापूर स्टँडवर ती आयुष्यभर त्या आकारावर गाडी ओळखून चढली आहे. "त्यातलं दुसरं शेपूट उलटं असतंय," ती म्हणाली.

मी बघितलं. मु पण ह्रस्व, गु पण ह्रस्व. स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं लिहिलं होतं. आण्णांना दिसलं होतंच. "म्हटलं, बघूया कुणाला कळतंय," म्हणाले आणि चिंधी माझ्याकडं टाकली.

चौथ्या दिवशी दुपारी, लाइट नव्हतीच, मी अक्षरांना शेड देत होतो, ते समोर बसून ब्रश पुसत होते. खाली बघत बघत मी विचारलं. समोरासमोर बसून विचारायचं धाडस मला कधी झालं नसतं. 2018 मध्ये माझं प्लेसमेंट झालं तेव्हा मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला होता. माझा गॉगलवाला फोटो, भोवती तीस जणांचे फोटो. तेव्हा मी जाम खूश होतो. तो कुणाच्या डोळ्यांसमोर आठ दिवस लागला होता, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हटलं, "आण्णा, तो फ्लेक्स बघून तुम्हाला काय वाटलं होतं?"

बराच वेळ ते ब्रशच पुसत होते. मग म्हणाले, "रफार चुकला होता."

"काय?"

"'हार्दिक'चा. रफार द वर पायजे, त्यांनी क वर टाकलावता. रोज दुकानाला जाताना दिसायचा. एकदा वाटलं, रात्री शिडी लावावी आणि नीट करून यावं."

ती चूक कशी होते ते मला माहीत आहे. रफार टाइप आधी करायचा, दिसतो नंतर. पहिली वेलांटी टाइप नंतर करायची, दिसते आधी. जुन्या फाँटमधला मजकूर नव्यात नेताना दोन्हींची गल्लत होते आणि 'हादिर्क' तयार होतं. हे सगळं मी त्यांना सांगायला लागलो. अगदी उत्साहानं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मी लिवलं असतं की. कुणी सांगितलंच न्हाई."

आई मिरच्यांवरनं वर बघायला लागली. मी पत्र्याकडं बघत राहिलो. सॉरी म्हणावं असं वाटत होतं, पण आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही, आणि म्हटलं असतं तर ते उठून गेले असते. मी शेड देत राहिलो. 'ड'च्या खाली थोडा रंग पसरला, त्यांनी हात लांब करून करंगळीनं पुसला.

बोर्ड मी पुण्याला परत निघायच्या आदल्या दिवशी लागला. पिवळ्यावर लाल, काळी शेड. जवळ जाऊन बघितलंत तर 'मुरगूड' हा शब्द बाकीच्या ओळींच्या मानानं जरा थरथरतो. आण्णा म्हणतात पुढच्या वर्षी परत रंगवू. एक ट्रॉलीवाला विचारून गेला, दसऱ्याच्या आधी पाठीमागचं लिहून द्याल का. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. हात पहिल्यासारखा राहत नाही, म्हणतात.

फाँट तसाच अर्धा पडलाय. एकोणीस अक्षरं झाली, पुढं बहुतेक होणार नाही.

मी इथं पुण्यात रविवारी जुन्या वर्तमानपत्रावर ब्रश घेऊन बसतो. फोटो काढून पाठवतो. आधी आमच्या व्हॉट्सॲपवर फक्त सुप्रभात असायचं. परवा आण्णांनी एका फ्लेक्सचा फोटो पाठवला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. खाली दोनच शब्द.

"रफार बघ."

चला, भेटू पुढच्या भागात.