अंथरुणाजवळचा माणूस

(नाशिक येथे सेवाकार्यात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या नागरिकांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



नाशिक नगरीत सेवेविषयी बोलायचे तर आरंभ प्लेगपासून करावा लागतो. साल १८९९. घरात उंदीर पडला की माणसांनी घर सोडून गावाबाहेर झोपडी घालायची आणि काखेत गाठ दिसली की सख्ख्या नातलगांनीही उंबरा ओलांडायचा नाही, असा तो काळ होता. दोनच वर्षांपूर्वी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या जुलमाचा सूड चापेकर बंधूंनी घेतला होता. रोगाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती माणसाला माणसाची वाटू लागली होती.

त्या वर्षी भगूरला दामोदरपंत सावरकर प्लेगने गेले. मागे राहिले वीस वर्षांचे बाबाराव, त्यांच्या पत्नी येसूवहिनी, सोळा वर्षांचे विनायकराव आणि अकरा वर्षांचा धाकटा नारायण. आई त्याआधीच गेली होती. वडिलांच्या पाठोपाठ नारायणही अंथरुणाला खिळला. गावाने या घराकडे पाठ फिरवली असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे नाही; गावातल्या प्रत्येकाच्या घरात लेकरे होती. अशा वेळी नाशिकचे रामभाऊ दातार पुढे आले आणि प्लेगने पोळलेली ही माणसे त्यांनी नाशकात आपल्या घरी आणली. नारायणाला प्लेगच्या रुग्णालयात ठेवले. बाबाराव त्याच्या उशाशी राहिले आणि शुश्रूषा करता करता स्वतःच प्लेगने पडले. ईश्वराची कृपा, दोघे भाऊ वाचले.

दातार घराण्याने त्या दिवशी दार उघडले नसते तर पुढचा इतिहास काय झाला असता, हा विचार ज्याचा त्याने करावा. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. दारात उभी असलेली पोरे पुढे कोण होणार आहेत, हे रामभाऊंना ठाऊक नव्हते. त्यांना दिसत होते ते केवळ एक अनाथ झालेले, रोगाने घेरलेले कुटुंब.

१९०० साली नाशकात मित्रमेळा सुरू झाला. त्याचे राजकीय कार्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिळभांडेश्वराची गल्ली, गणेशोत्सव, शिवजयंती, पुढे अभिनव भारत, हे सारे पाठ आहे. पण याच मेळ्यातील तरुणांनी प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा केली आणि ज्यांना खांदा द्यायला कोणी येत नव्हते अशांची प्रेते स्मशानात नेली, हे मात्र ओझरते सांगितले जाते. वास्तविक या नगराचा विश्वास मेळ्याने व्याख्यानांपेक्षा या खांद्यांवर अधिक मिळवला असावा. ज्याने आपल्या घरचे प्रेत उचलले त्याचा शब्द लोक ऐकतात. आणि याच मेळ्यात आबा दरेकर, म्हणजे कवी गोविंद होते. पाय अधू, चालता येत नसे. प्रेताला खांदा देणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी मेळ्याला पद्ये दिली. शारीरिक अडचणीमुळे सेवा जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी आबांचे नाव आठवावे.

आज प्लेग नाही. कोरोनाच्या काळात तशीच भीती आपण दोन वर्षे अनुभवली, तेही आता मागे पडले. आजच्या नाशिकचे दुखणे शांत आहे, म्हणून ते दिसत नाही. हवापाण्यासाठी नावाजलेले हे गाव. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेली कितीतरी जोडपी येथे स्थायिक झाली. गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड येथल्या इमारतींमध्ये संध्याकाळी पाहावे, दिवा एकाच खोलीत लागलेला असतो. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला किंवा अमेरिकेत. पैसे वेळेवर येतात, व्हिडिओवर नातवंडे दिसतात. मग एके दिवशी आजोबांना पक्षाघात होतो आणि सत्तरी ओलांडलेल्या आजींवर साठ-पासष्ट किलोच्या देहाची कूस दर दोन तासांनी बदलण्याची वेळ येते. ती बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे डॉक्टर सांगतात. ती बदलणार कोण, हे सांगणे डॉक्टरांचे काम नाही.

पगारी मदतनीस ठेवता येतो, ज्यांना परवडते त्यांनी जरूर ठेवावा. सिडको, सातपूर, पंचवटीतील कामगारांच्या घरांत तेही परवडत नाही. तेथे सुनेला नोकरी सोडावी लागते, नाहीतर मुलीची शाळा सुटते. अशा घराला पहिली गरज असते ती आठवड्यातून दोन तासांची. या दोन तासांत कोणी विश्वासाचा माणूस अंथरुणाजवळ बसला, तर त्या आजींना बँकेत जाता येते, देवळात जाता येते, किंवा शेजारच्या खोलीत नुसती झोप घेता येते. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या बाईला झोपेहून मोठे दान कोणते द्यावे?

केरळने या बाबतीत देशाला वाट दाखवली आहे. १९९३ साली कोझिकोडला दुर्धर रोग्यांच्या वेदनाशमनासाठी एक संस्था उभी राहिली. पुढे काही वर्षांत तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले की रोगी रुग्णालयात थोडा काळ असतो आणि घरात बराच; तेव्हा घराशेजारची माणसेच शिकवून तयार केली पाहिजेत. मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शिक्षक, व्यापारी, रिक्षाचालक, गृहिणी यांनी काही तासांचे शिक्षण घेतले, अनुभवी माणसाबरोबर घरोघरी गेले आणि मग आपल्या वस्तीतील रोग्यांची जबाबदारी उचलली. २००८ साली केरळ शासनाला त्याविषयी धोरण आखावे लागले. आधी शेजारी उठले, शासन नंतर आले. जे केरळात झाले ते गोदावरीच्या काठी होऊ नये असे काही नाही.

परंतु त्यासाठी शिकावे लागेल. सेवाभाव असला की पुरे, हा आपल्याकडचा एक लाडका गैरसमज आहे. रोग्याला पलंगावरून खुर्चीत कसे घ्यायचे, घास गिळताना ठसका लागतो त्याला कसे बसवून भरवायचे, नळी लावलेल्या रोग्याला काय करू नये, हे भावनेतून कळत नाही. दुसऱ्याच्या घरातील गोष्ट बाहेर बोलायची नाही. औषधाचा सल्ला द्यायचा नाही. आपल्या मावशीला कोणत्या काढ्याने गुण आला हे तर मुळीच सांगायचे नाही. घरच्यांच्या पैशांचा व्यवहार हाती घ्यायचा नाही. आणि रोगी रडू लागला तर त्याला लगेच गप्प करायचे नाही. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड.

ज्यांच्या नावाने गंगापूर रस्त्यावर श्रीगुरुजी रुग्णालय उभे आहे, त्यांच्या चरित्रातील एक पर्व या संदर्भात आठवते. काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलेले, पुढे कायद्याची पदवी घेतलेले माधवराव गोळवलकर १९३६ साली बंगालमधील सारगाछीच्या आश्रमात स्वामी अखंडानंदांकडे गेले. स्वामीजी वृद्ध होते, प्रकृती ढासळत होती. उच्चविद्याविभूषित तरुणाने तेथे काय केले? गुरूंची शुश्रूषा केली. जानेवारी १९३७ मध्ये दीक्षा मिळाली आणि फेब्रुवारीत स्वामीजींनी देह ठेवला. संघाचे द्वितीय सरसंघचालक होण्याआधी गुरुजी एका अंथरुणाजवळ बसलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८९ साली डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले आणि त्याच परंपरेत नाशिकचे रुग्णालय २००८ साली आले. तेथून शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील जनजाती पाड्यांपर्यंत सेवेची वाट गेली. ती वाट डॉक्टरांनी चालायची आणि इतरांनी टाळ्या वाजवायच्या, असे मात्र नाही.

आता प्रत्यक्ष कामांकडे वळू. जनकल्याण समितीचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. तिच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांतून फाउलर पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी अशा वस्तू अनामत घेऊन अल्प शुल्कात वापरायला मिळतात. ऐकायला साधे काम वाटते. परंतु पलंग तिसऱ्या मजल्यावर चढवणारा कोणी लागतो, परत आलेली गादी स्वच्छ करणारा लागतो, वहीत नोंद ठेवणारा लागतो. आणि कधीकधी वस्तू परत आणायला जावे तर घरात दहावा झालेला असतो. अशा घरी पावतीचा विषय केव्हा काढायचा, हे ज्याला समजते तोच या कामाचा. निवृत्त माणसाला, विशेषतः ज्याने आयुष्यभर भांडारात किंवा हिशेबात काम केले आहे त्याला, यासारखे काम नाही.

रक्ताविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे शिबिरे भरपूर होतात, परंतु ती जयंत्या आणि नेत्यांचे वाढदिवस यांभोवती गोळा होतात. साठवलेल्या लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. एकाच रविवारी गावभर शिबिरे घेतली की आठवडाभर शीतकपाट भरलेले आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, रिकामे! थॅलेसेमियाच्या बालकाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्याला कोणाच्या वाढदिवसाची वाट पाहता येत नाही. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्तदान करता येते. जनकल्याण रक्तपेढीत किंवा जवळच्या कोणत्याही रक्तपेढीत आपले नाव, गट आणि सोयीचा महिना नोंदवून, बोलावतील तेव्हा जाणारा एक दाता शिबिरातील पाच दात्यांहून उपयोगी ठरतो. त्याला हार मिळत नाही, एवढाच तोटा.

सातपूरला अंधांसाठी काम करणारी नॅबसारखी संस्था आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक लागतात. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, हा नियम असल्याने येथे आजोबांपेक्षा नातवाचा उपयोग अधिक. आजोबांनी पाठ्यपुस्तके आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून द्यावीत.

आणि जिल्हा रुग्णालय. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून रात्रीची गाडी पकडून आलेला माणूस त्र्यंबक रस्त्यावरच्या या रुग्णालयात सकाळी उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात एक चिठ्ठी असते आणि ती त्याला वाचता येत नाही. केसपेपरची खिडकी कोणती, रक्त तपासायला कोठे जायचे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेला कोणते कागद लागतात, शालिमारजवळचे संदर्भ सेवा रुग्णालय वेगळे की हेच, हे विचारायला तो कचरतो. कोकणा आणि वारली बोलीतले त्याचे उत्तर कर्मचाऱ्यांना नीट समजत नाही आणि कर्मचाऱ्यांना थांबायला वेळ नसतो. त्यांच्यावरही कामाचा डोंगर असतो, त्यांना दोष देऊन भागत नाही. अशा वेळी प्रवेशद्वाराशी, प्रशासनाच्या अनुमतीने, सकाळचे तीन तास उभा राहणारा माणूस हवा. त्याने केळी वाटायची नाहीत, छायाचित्र काढायचे नाही. त्या माणसाबरोबर चालायचे. पाड्यांवरून शिकायला आलेली, महाविद्यालयात शिकणारी जनजाती समाजाची मुले-मुली यात आली तर उत्तम, कारण बोली त्यांची आहे.

आपल्या क्षेत्रातील उणीवही झाकून ठेवू नये. अशा मेळाव्यांनंतर नावे पुष्कळ येतात आणि तिसऱ्या महिन्यात त्यातली थोडी उरतात. यात संस्थांचाही दोष आहे. आलेल्या माणसाला काम न देता आठवडेच्या आठवडे बैठकांना बसवले जाते. परंतु जो गुरुवारी येतो असे सांगून येत नाही, त्याची वाट पाहणारे कोणी तरी असते. अंथरुणावरच्या माणसाला दुसरे काही नसते, त्याला वार नेमका लक्षात राहतो. त्या दिवशी तो दाढी करून घेतो. म्हणून रोज येईन असे वचन देऊ नये. महिन्यातून दोन गुरुवार म्हणावे आणि ते दोन पाळावेत.

पुढचा सिंहस्थ समोर आहे. २०२७ साली २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर या नाशिकच्या अमृतस्नानाच्या तिथी जाहीर झाल्या आहेत. २७ ऑगस्ट २००३ ची चेंगराचेंगरी या गावाने पाहिली आहे. तीसहून अधिक भाविक रामकुंडाकडच्या अरुंद रस्त्यांत गेले. गर्दीचे नियमन पोलिसांचे काम. पण ताटातूट झालेल्या म्हाताऱ्या आईला बसवून घेणे, मधुमेही यात्रेकरूला चक्कर आली तर ओळखणे, रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवणे, हिंदी, तेलुगू, गुजराती बोलणाऱ्याला दिशा दाखवणे, यांसाठी शेकडो शिकलेले हात लागतील, आणि ते स्नानाच्या आदल्या दिवशी तयार होत नाहीत. जो गुरुवारी शेजारच्या आजोबांना खुर्चीत बसवायला शिकेल, त्याला रामकुंडावर पडलेल्या यात्रेकरूला कसे उचलायचे हे निराळे शिकवावे लागणार नाही.

सभागृहाच्या मागच्या बाजूला दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत नाव, रक्तगट आणि महिना लिहावा. दुसरीत नाव, राहण्याची वसाहत, आठवड्यातला वार आणि वेळ. दूरध्वनी क्रमांक सुवाच्य लिहावा. ज्यांच्या स्वतःच्या घरी अंथरुणावर कोणी आहे, त्यांनी दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानांवर लिहावे. मदत मागणाऱ्यांसाठी ती पाने राखून ठेवलेली आहेत.