पहिलं नाव रिकामं

(शाहूवाडी येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सॉफ्टवेअरमधल्या करिअरवर बोलायला सांगितलंय. ती माहिती तुमच्या मोबाइलवर भरपूर आहे. मी एका क्रॅशची गोष्ट सांगतो.

मोठ्या कंपनीत, विद्यापीठात सगळ्या माणसांची एक डिरेक्टरी असते: नाव, ईमेल, विभाग. तिच्यात शोध घ्यायची जी ठरलेली पद्धत आहे, तिला एलडॅप म्हणतात. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात तिच्यावर काम झालं. आजही ती सगळीकडे चालते. मी होतो तिथे असा शोध घेणारा एक छोटा प्रोग्रॅम होता, सी भाषेतला. काही शोधांना तो मधेच कोसळायचा. सेगमेंटेशन फॉल्ट!

सगळे म्हणाले, सर्व्हर खराब आहे. मी तोच शोध एलडॅपसर्च या तयार कमांडने घेतला. उत्तर व्यवस्थित आलं. म्हणजे सर्व्हर ठीक होता. मग यादी अर्धी-अर्धी करत गेलो. हजार नोंदी असल्या तरी दहा वेळा अर्ध्या केल्या की एकच उरते. ती उरलेली नोंद एका माणसाची होती, ज्याचं नाव एकाच शब्दाचं.

डिरेक्टरीच्या नियमात आडनाव आणि पूर्ण नाव सक्तीचं, पहिलं नाव ऐच्छिक. त्यामुळे त्याचा तो एक शब्द आडनावात गेला आणि पहिलं नाव रिकामं राहिलं. माहिती नसेल तर लायब्ररी 'नल' परत देते, म्हणजे काहीच नाही. आमचा प्रोग्रॅम ते न तपासता थेट पहिलं मूल्य वाचायला जायचा. जीडीबीत कोअर फाइल उघडली, बॅकट्रेस पाहिला. नेमकी तीच ओळ.

एक सीनियर म्हणाले, "त्याच्या पहिल्या नावात एक टिंब टाक, काम झालं." क्रॅश खरंच थांबला असता. पण ते टिंब त्या माणसाच्या नावाला कायमचं चिकटलं असतं. मी कोडमध्ये दोन ओळींची तपासणी घातली.

हे इथे का सांगतोय? आपल्याकडे मुल्ला, मुजावर, शिकलगार अशी आडनावं आहेत. पण आईच्या, आजीच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही. ऑनलाइन फॉर्म अडतो, आणि शेजारचा सांगतो, "काहीतरी टाका." ते 'काहीतरी' पुढे आधारशी जुळत नाही आणि स्कॉलरशिप अडकते. असं टिंब टाकू नका. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. फॉर्म नाव घेत नसेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आणि उद्या तुमच्यापैकी कुणी फॉर्म बनवेल, तेव्हा टेस्टिंगला पहिलं नाव आपल्या आजीचं टाका. ते चाललं, तरच पुढे जा.