पावसाचा अंदाज आणि अंकगणिताचा तास



जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तकांच्या खरेदीसाठी झुंबड उडते. मुठेपलीकडे शिवाजीनगरच्या वेधशाळेत त्याच सुमारास पावसाचा हिशेब चाललेला असतो. पुस्तकातील उदाहरणाचे उत्तर एकच. वेधशाळेच्या उत्तराला मात्र दोन टोके असतात, आणि हा भेद मुलांना उमगत नाही. मोठ्यांना तरी कोठे उमगतो?

डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनी बसविलेले सोळा घटकांचे सूत्र १९८८ पासून देशाच्या मोसमी पावसाच्या अंदाजासाठी वापरात होते. २००२ साली त्यावरून सरासरीच्या १०१ टक्के पाऊस अपेक्षिला गेला. पडला सुमारे ८१ टक्के. सूत्र बदलणे भाग पडले. २००३ पासून हवामान खाते एका आकड्यावर न थांबता पाऊस अपुरा, सर्वसाधारण वा अधिक होण्याची संभाव्यता किती, हेही सांगू लागले. 'सर्वसाधारण' हाही एक आकडा नव्हे. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के एवढा त्याचा पल्ला आहे. शिवाय ही सरासरी साऱ्या देशाची. मुळशी आणि इंदापूर एकाच जिल्ह्यात असूनही त्यांचे पाऊसमान किती निराळे!

शंभरात सत्तर शक्यता म्हणजे तीस उरलेच. सत्तराला वचन मानणारा शेतकरी पहिल्या सरीवर सारे बी मातीत घालतो आणि उघडीप पडली की दुबार पेरणीसाठी कर्ज शोधतो. अंदाजाला थाप मानणारा वापसा हातचा घालवतो. तीसांचीही गणना करणारा थोडे बी राखून पेरतो. त्याच्या घरचे मूल बहुधा आपल्याच वर्गात बसलेले असते.

यासाठी साहित्य काही लागत नाही. रोज सकाळी प्रत्येक मुलाने 'उद्या पाऊस येईल का?' याचे उत्तर 'हो' वा 'नाही' असे न देता 'दहात इतके' असे वहीत लिहावे व दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष काय घडले ते पुढे नोंदवावे. श्रावण संपल्यावर 'दहात सात' लिहिलेले सारे दिवस वेगळे काढून मोजावे. त्यांपैकी सुमारे सात-दशांश दिवस पावसाचे निघाले, तर मुलाचा अंदाज नीट बसला. सगळेच निघाले, तर तो भित्रा ठरला. निम्मेच निघाले, तर उतावळा. एका दिवसावरून मात्र कोणासही चूक वा बरोबर अशी खूण करू नये. लाल पेन्सिल त्या वहीपासून दूरच ठेवावी.