रक्तदाब आणि ओळखीचा दवाखाना

आजचा विषय वैद्यकाचा असला, तरी मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक निवृत्त शाळामास्तर आहें आणि माझें आयुष्य हजेरीपत्रकें भरण्यांत गेलें आहे. तरीही या विषयावर बोलण्याचें धाडस करीत आहें, कारण उच्च रक्तदाब काबूंत ठेवण्याचें काम बव्हंशीं नियमित नोंदीचें व हजेरीचें आहे, असें मला स्वानुभवानें कळून आलें आहे.

धमन्यांतून वाहणारें रक्त त्यांच्या भिंतींवर जो भार टाकतें, तो रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याची रीत इटलींतील डॉ. रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध केली. नळीनें धमनीचा आवाज ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ठरविण्याची युक्ति रशियांतील डॉ. कोरोत्कॉव्ह यांनीं १९०५ सालीं सांगितली. दवाखान्यांत निरनिराळ्या दिवशीं मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो उच्च समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा वर्षांवरील पुरुषांत सुमारें २४ टक्के व स्त्रियांत २१ टक्के लोकांना हा विकार आढळला. त्याचें कपट असें कीं, तो बहुधा दुखत नाहीं. माणूस हिंडतो, फिरतो, लग्नकार्यांत पंगतीला बसतो. आणि आंतून मेंदू, हृदय, मूत्रपिंड व डोळे यांची झीज चालू असते.

यावर औषध नाहीं असें नाहीं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा ५० रोग्यांवरील अनुभव १९४९ सालीं इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे वेधलें. आज त्याहून सोयीस्कर गोळ्या मिळतात. उणीव आहे ती सातत्याची.

माझीच फजिती सांगतों. आमच्या पंचवटींतील ज्या डॉक्टरांकडे आमचें घर तीस वर्षें जात असे, त्यांनीं वृद्धत्वामुळें दवाखाना बंद केला. मग मी सोयीप्रमाणें डॉक्टर बदलूं लागलों. एकांनीं अम्लोडिपिनची गोळी दिली. पुढें मुलाकडे पुण्यास गेलों असतां दुसऱ्यांनीं दाब अधिक पाहून गोळी लिहिली. तिचें बाजारांतील नांव निराळें, पण औषध तेंच. पहिली गोळी चालू असल्याचें मीं त्यांना सांगितलें नाहीं; कागदही बरोबर नेला नव्हता. दोन्ही गोळ्या घेत राहिलों. महिन्याभरांत पावलें सुजलीं. या औषधाची मात्रा वाढली म्हणजे अशी सूज येऊं शकते, हें मला काय ठाऊक! तिसऱ्या डॉक्टरांना मीं पाय दाखविले, गोळ्या दाखविल्या नाहींत. त्यांनीं लघवी वाढविणारें औषध दिलें. एके पहांटे अंथरुणांतून उठतांच डोळ्यांपुढें अंधारी आली, मोरीच्या उंबरठ्यावर पडलों आणि मनगट मोडलें.

हात प्लास्टरमध्यें घालून घरीं आलों, तेव्हां आमच्या मंडळींनीं घरांतल्या साऱ्या गोळ्या एका पिशवींत भरल्या आणि जवळच्या दवाखान्यांत डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ओतल्या. तेव्हां कुठें उलगडा झाला. त्या तिघां डॉक्टरांपैकीं कोणाचेंही ज्ञान उणें नव्हतें. प्रत्येकानें समोर दिसलें त्यावर उपाय केला. मागचें सांगण्याचें काम माझें होतें, तें मीं केलें नाहीं.

तेव्हांपासून मी त्याच बाईंकडे जातों. त्यांनीं एक वही घालून दिली आहे. मध्यंतरीं आंकडा चढला, तेव्हां त्यांनीं गोळी वाढविली नाहीं, आधीं विचारलें, "मास्तर, झोंप लागते ना? कीं उन्हाळ्यांतलीं पापड-लोणचीं सुरू झालीं?" अनोळखी डॉक्टराला हा प्रश्न कसा सुचावा? दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते; आणि लोणच्याची माझी आवड बाईंना माहीत होती!

ही केवळ माझ्या घरची गोष्ट नव्हे. २०१७ सालीं आपल्या देशांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम निघाला. महाराष्ट्रांत आरंभीं सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे त्यांत होते. त्यांत नवें औषध कोणतेंच नव्हतें. उपचाराची एक ठरलेली पद्धति, गोळ्यांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या आरोग्यकेंद्रांत तपासणी, प्रत्येक रोग्याची नोंद, आणि जो आला नाहीं त्याला बोलावणें, इतकीच त्याची सामग्री. थोडक्यांत, हजेरीपत्रक! २०२२ सालीं संयुक्त राष्ट्रांकडून या कामाचा गौरव झाला. तिकडे नॉर्वेंतही असें आढळलें कीं, पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच डॉक्टरकडे जाणाऱ्यांत, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या मानानें, मृत्यूचें प्रमाण सुमारें एक-चतुर्थांशानें कमी होतें. सर्व श्रेय ओळखीचेंच असें म्हणतां येणार नाहीं. पण ती दुर्लक्षिण्याजोगी खासच नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, चार गोष्टी करा. घराजवळचा एक दवाखाना धरा. सरकारी असो वा खासगी. दाब मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसा, अर्धा तास चहा-तंबाखू टाळा, आणि आंकडा तारीख घालून वहींत लिहा. परगांवीं जातांना ती वही व गोळ्यांचीं पाकिटें बरोबर न्या. आणि बरें वाटतें म्हणून आपल्या मनानें गोळी सोडूं नका. बरें वाटतें तें पुष्कळदां त्या गोळीमुळेंच. डॉक्टर बदलणें भाग पडलें, तर वही त्यांच्यापुढें ठेवूनच बोलायला सुरुवात करा.

माझें मनगट आतां सांधलें आहे, पण पावसाळ्यांत अजून ठणकतें. तुमच्यावर ती वेळ न येवो, एवढीच इच्छा.