जळालेला सांधा



“संगणक जळाला” अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा जळालेला असतो तो पॉवर सप्लायच्या तारेचा सांधा, ज्याला आपण कनेक्टर म्हणतो. प्लॅस्टिक काळवंडते, करपट वास येतो. मालकाचा प्रश्न ठरलेला असतो : “मग फ्यूज का नाही उडाला?” प्रश्न रास्त आहे, आणि विषयाचे मर्मही त्यातच आहे.

४५० वॅटच्या मिक्सरला २३० व्होल्टवर सुमारे दोनच ॲम्पिअर प्रवाह लागतो. संगणकाच्या पोटात मात्र १२ व्होल्ट. तेवढेच वॅट तेथे न्यायचे, तर साडेसदतीस ॲम्पिअर हवेत. सहा पिनांत वाटणी केली, तर प्रत्येकीला सव्वासहा. त्यांतल्या तीन सैल पडल्या की उरलेल्या तिघींवर साडेबारा. प्रवाह दुप्पट, पण उष्णता चौपट. ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. एकूण प्रवाह होता तेवढाच, म्हणून फ्यूजच्या लेखी सारे आलबेल! तो जादा प्रवाहावर पहारा करतो, सैल सांध्यावर नव्हे.

२०२२ साली एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे ग्राफिक्स कार्ड निघाले, आणि थोड्याच दिवसांत देशोदेशी त्याचे कनेक्टर वितळू लागले. ते पुरते आत बसवले नव्हते, असे कंपनीने कारण दिले. ते खोटे नसेल. परंतु किंचित अर्धवट बसताच वितळणाऱ्या सांध्याचा दोष सगळा बसवणाऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. २०२३ साली रचनाच सुधारावी लागली, हे बोलके आहे.

आपल्या रत्नागिरीत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. पिनांवरचा कथिलाचा मुलामा दमट हवेत मंदावतो, सांध्याचा रोध वाढतो, आणि कमी विजेवर चालणारे साधे यंत्रही करपू शकते.

अशा वेळी नुसती तार बदलण्याचा मोह होतो. जुने काळे सॉकेट नव्या तारेलाही जाळते; म्हणून नर आणि मादी, दोन्ही बाजू बदलाव्यात. सॉकेट मदरबोर्डवर असेल, तर ते काम डाग देण्यात मुरलेल्या कारागिराचेच. पॉलिशपेपरने पिना घासल्या तर उरलासुरला मुलामाही जातो. दुसऱ्या पॉवर सप्लायची तार नुसती बसते म्हणून लावू नये. तिच्या पिनांचा क्रम वेगळा असला, तर डिस्कही जाते. आणि करपट वास आला की “उद्या पाहू” न म्हणता भिंतीवरचे बटण आधी बंद करावे.