देह तरतो कशाने?



नदीत उताणे पडून पाहिलेत, तर छाती वर राहते आणि पाय हळूहळू खाली जातात. एकाच देहात हा दुजाभाव का?

आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत शिकलो. बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा तिला खालून मिळतो. पाण्याहून हलके ते तरते, जड ते बुडते. पाण्याची घनता १ धरली, तर चरबीची सुमारे ०.९, स्नायूंची सुमारे १.०६ आणि हाडांची त्याहूनही अधिक. पाय म्हणजे मुख्यतः हाडे आणि स्नायू. छातीत मात्र हवेने भरलेली फुप्फुसे!

सारा हिशेब श्वासावर येऊन ठेपतो. छाती भरली की बहुतेकांचा देह गोड्या पाण्याहून किंचित हलका होतो. श्वास सोडला की किंचित जड. म्हणजे देहाचा अगदी थोडा भाग पाण्याबाहेर राहू शकतो. तो कोणता, हे ठरवणे आपल्या हाती आहे.

घाबरलेला माणूस हात उंच करतो आणि ओरडतो. वर काढलेल्या हातांचा भार देहावर पडून तोंड पाण्याखाली जाते. ओरडताना छातीतली हवाही जाते. म्हणून मुलांना पोहण्याआधी एवढे शिकवा : हात पाण्यात, मान मागे, छाती भरलेली. पाय बुडाले तर खुशाल बुडू द्यावेत. नाकतोंड वर राहिले, की जीव राहिला.